वही घरी राहिली, आई पोचवणार का?

गेल्या वर्षी ऑगस्टमधली गोष्ट. ऐरोलीच्या ऑफिसात मीटिंग सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि शाळेच्या लँडलाइनवरून फोन आला. चिरंजीव तेव्हा नववीत. "आई, सायन्सचं जर्नल टेबलावर राहिलंय. आज लास्ट डेट आहे गं." आवाज रडवेला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली, ठाण्याला दहा नंबरवर उतरले, रिक्षाच्या रांगेत उभी राहिले. पाचपाखाडीत घरी पोचले तर लिफ्ट बंद. चार मजले चढून जर्नल घेतलं, परत खाली, परत रिक्षा, नौपाड्यातली शाळा. वर धो धो पाऊस. जर्नल हातात घेत बाई म्हणाल्या, "अहो, एवढं कशाला केलंत? उद्या दिलं असतं तरी चाललं असतं. फार तर दोन मार्क कापले असते."

दोन मार्कांसाठी अर्धी रजा, दोन रिक्षा आणि भिजलेली चप्पल. त्याहून मोठा धक्का संध्याकाळी बसला. मी जर्नलचा विषय काढला, तर चिरंजीवांनी मान वर करून विचारलं, "कुठलं जर्नल?" तो प्रसंगही विसरून मोकळा झाला होता. लक्षात ठेवण्याचं सगळं काम माझ्याकडे होतं, मग त्याने कशाला ठेवावं?

त्यानंतर वर्षभर आम्ही घरात जे करून पाहिलं, जे फसलं आणि जे टिकलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मुलं साधारण बारा ते सतरा या वयातली असतील तर उपयोग होईल. त्याहून लहान मुलांना हे लावू नका. चौथीतल्या पोराचा डबा राहिला तर तो निमूट नेऊन द्यावा.

माझं मत आधीच सांगते. ज्या चुकीची किंमत मुलाला स्वतःच्या वेळातून, मार्कांतून किंवा पॉकेटमनीतून भरता येते, तिथे आपण मध्ये पडू नये. जी किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची आहे, तिथे लगेच धावावं आणि धावताना तोंड बंद ठेवावं. आपली बाकीची सगळी मदत विसरण्याच्या आधी व्हायला हवी. "आपटू दे, शिकेल आपोआप" म्हणणाऱ्यांशी माझं तेवढ्यासाठीच पटत नाही. नुसतं आपटून कोणी शिकत नाही, फक्त आपटण्याची सवय होते.

आधी पंधरा दिवस फक्त नोंद

लगेच नियम लावू नका. फ्रिजवर किंवा फोनच्या नोट्समध्ये चार गोष्टी लिहीत चला: काय विसरलं, कोणत्या वारी, कोणी निस्तरलं, किती वेळ आणि पैसे गेले. मुलाला त्या वेळी काही बोलू नका. नेहमीसारखं पोचवत राहा, हवं तर कुरकुरत.

आमच्या यादीत पंधरा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. मला वाटत होतं की पोरगा सगळंच विसरतो. प्रत्यक्षात अकरापैकी सहा नोंदी दोनच गोष्टींच्या निघाल्या: पीटीचा युनिफॉर्म आणि सही घेऊन द्यायचे कागद. युनिफॉर्म दोरीवर वाळत असतो, म्हणून बॅगेत जात नाही. कागद सहीसाठी माझ्याकडे येतो आणि माझ्याच पर्समध्ये राहतो! म्हणजे त्यातल्या काही नोंदी खरं तर माझ्या नावावर पडायला हव्या होत्या.

नोंदीचा हाच फायदा. "तू ना, वेंधळाच आहेस" या वाक्याच्या जागी "बुधवारी युनिफॉर्म राहतो" हे वाक्य येतं. पहिल्या वाक्यावर काही उपाय नसतो.

निस्तरणाऱ्यांच्या रकान्याकडेही नीट बघा. आमच्याकडे तीन वेळा आजींचं नाव होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

तीन कप्पे

आता यादी मुलासमोर ठेवा आणि प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका कप्प्यात टाका. हे काम एकट्याने करू नका. कप्पा कोणता यावरून वाद होईल. तो झालेला बरा, कारण फोन येईल त्या सकाळी वाद घालायला वेळ नसतो.

पहिल्या कप्प्यात रोजचा किरकोळ माल: डबा, पाण्याची बाटली, गृहपाठाची वही, कंपासपेटी, पीटीचे बूट, छत्री, चित्रकलेचं सामान, क्लासच्या नोट्स. इथे पोचवायचं नाही. डबा राहिला तर मित्रांच्या डब्यात हात घालावा, नाहीतर कॅन्टीनचा वडापाव खावा. एका दुपारच्या उपासाने पंधरा वर्षांचा निरोगी मुलगा वाळत नाही. (मधुमेह किंवा असा आजार असेल, तर डबा पहिल्या कप्प्यात नाहीच. तो थेट तिसऱ्यात.)

दुसऱ्या कप्प्यात पैशाने किंवा कष्टाने भरून निघणारं: रेल्वेचा पास, घराची किल्ली, हरवलेला कॅलक्युलेटर, लायब्ररीचं पुस्तक, आयकार्ड. इथे मदत करायची, पण फुकट नाही. आमच्या शेजारची मुलगी ठाण्याहून नेरुळला क्लासला जाते. पास घरी ठेवून ती गाडीत चढली आणि टीसीने पकडलं. पास काढलेला असला तरी तो जवळ नसेल तर विनातिकीटच धरतात आणि दंड किमान २५० रुपये, वर भाडं. तिच्या वडिलांनी दंडाचे पैसे लगेच पाठवले, पण पुढच्या तीन महिन्यांत पॉकेटमनीतून थोडे थोडे परत घेतले. मला हा हिशेब आवडला. मूल स्टेशनवर अडकून पडलं नाही आणि चूक वडिलांच्या खात्यावरही चढली नाही.

तिसरा कप्पा न भरून निघणारा. दम्याचा पंप, इन्शुलिन, चष्मा. बोर्डाच्या परीक्षेचं हॉल तिकीट. सहलीला निघताना राहिलेली रोजची औषधं. मुलीची पाळी अचानक आली आणि पॅड जवळ नाही, हेही याच कप्प्यात. तिथे "लक्षात ठेवायला नको का" हे वाक्य निव्वळ क्रूर आहे. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या तारखाही इथेच घाला. फॉर्म भरायचं काम मुलाने करावं, पण शेवटच्या तारखेवर नजर घरातल्या मोठ्याची हवी. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही मुदतीत प्रवेश घेतला नाही, तर मूल पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर जातं. पंधरा वर्षांच्या मुलाच्या विसराळूपणाला इतकी मोठी किंमत लावायची नसते.

कप्पा ठरवताना अडलं तर एकच प्रश्न विचारा: हे नुकसान महिन्याभराने मोजता येईल का? कापलेले दोन मार्क महिन्याभराने कोणालाच आठवत नाहीत. हुकलेला प्रवेश आठवतो.

रविवारी सांगा, सोमवारी सकाळी नको

नवा नियम जाहीर करायची सगळ्यात वाईट वेळ म्हणजे फोन आल्यावर. "आजपासून मी काही आणून देणार नाही, भोग आता!" असं म्हटलं की तो नियम राहत नाही, तो सूड होतो. मुलं हा फरक बरोबर ओळखतात. ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे शिकागोत काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी गेल्या शतकात पालकांना हाच भेद शिकवला: कृतीतून आपोआप येणारा परिणाम वेगळा आणि आपण रागाने दिलेली शिक्षा वेगळी. पीटीचे बूट नाहीत म्हणून मैदानाच्या कडेला बसावं लागलं, हा परिणाम. बूट विसरला म्हणून आठवडाभर मोबाइल काढून घेतला, ही शिक्षा. बूट आणि मोबाइल यांचा एकमेकांशी काय संबंध? मुलालाही तो दिसत नाही. मग तो बुटांचा विचार सोडून आपल्यावर चिडण्यात आठवडा घालवतो.

आम्ही रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा पुढे घेऊन बोललो. मी म्हटलं ते साधारण असं: "तू आता चौदाचा आहेस. तुझं सामान लक्षात ठेवायचं काम आजवर मी करत होते. येत्या सोमवारपासून ते तुझं. पहिल्या कप्प्यातलं काही राहिलं तर मी येणार नाही. रागावून नाही, ठरलंय म्हणून. तिसऱ्या कप्प्यातलं असेल तर रात्री दोन वाजताही येईन. आणि लक्षात कसं ठेवायचं याची सोय आपण दोघं मिळून करू."

एक सवलतही दिली: महिन्यातून एक हक्काचा फोन. त्या एका फोनला काहीही न विचारता वस्तू पोचेल, अर्थात घरात किंवा ठाण्यात कोणी असेल तरच. काही मैत्रिणींना ही सवलत म्हणजे माझा कच्चेपणा वाटतो. पण विचार करा, माझा नवरा वर्षातून तीनदा लॅपटॉपचा चार्जर घरी ठेवून मुलुंडपर्यंत पोचतो आणि तिथून मला फोन करतो. मी गॅसवर कुकर ठेवून विसरते तेव्हा शेजारच्या काकू शिट्ट्या मोजून बेल वाजवतात. मोठी माणसं एकमेकांना सांभाळूनच घेतात. मुलाला एवढंच कळायला हवं की तो उपकार आहे, रोजची सर्व्हिस नाही. गंमत म्हणजे फोन मोजकाच आहे म्हटल्यावर तो जपून वापरायला लागला. सप्टेंबरमधला फोन वापरलाच नाही आणि "ऑक्टोबरमध्ये दोन होतात का?" असं विचारलं. होत नाहीत!

वर्गशिक्षिकांना मात्र आधी सांगा. डायरीत दोन ओळी पुरतात: "आम्ही घरी असं ठरवलं आहे, तो काही विसरला तर शाळेचा जो नियम असेल तो लावावा." नाहीतर बाईंचा समज होतो की घरी कोणाचं लक्षच नाही.

परांची बांधा, मग हळूहळू सोडवा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त वगळला जाणारा. घोडबंदर रोडवर जा, दर चार पावलांवर एखादा टॉवर परांचीत उभा दिसेल. भिंत ओली असेपर्यंत परांची लागते. घर तयार झाल्यावरही बांबू तसेच राहिले तर बिल्डरला लोक हसतील. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मुलांना शिकवण्याबद्दल नेमकी हीच उपमा वापरली. शिकणाऱ्याला अजून न जमणारा भाग मोठ्याने तेवढ्यापुरता उचलायचा आणि जमेल तसा सोडून द्यायचा. आपण पालक एक तर कायमचे बांबू लावतो, नाहीतर एका सकाळी सगळे काढून घेतो.

जागेपासून सुरुवात करा. शाळेत जाणारी प्रत्येक वस्तू रात्री एकाच ठिकाणी आली पाहिजे. आमच्याकडे दाराशेजारी, चपलांच्या कपाटावर. बॅग, बूट, सही झालेले कागद, छत्री, किल्ली. टेबल, पलंग, सोफा या जागा बाद. वाळत घातलेल्या युनिफॉर्मसाठी दाराच्या आतल्या बाजूला एक हूक ठोकला. सव्वाशे रुपयांच्या त्या हुकाने बुधवारचा प्रश्न जवळजवळ संपवला. इतकी वर्षं मी व्याख्यानं देत होते.

मग वेळ. "रात्री साडेनऊला बॅग भर" असं सांगून पाहिलं, एक दिवसही जमलं नाही. याचं कारण स्मरणशक्तीच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे. झालेलं आठवणं वेगळं आणि पुढे करायचं आहे ते योग्य क्षणी आठवणं वेगळं. या दुसऱ्या प्रकारातही घड्याळाच्या ठोक्याला आठवणं अवघड जातं. समोर एखादी खूण आली की आठवणं त्यामानाने सोपं. म्हणूनच इतिहासाच्या सनावळ्या तोंडपाठ असलेला मुलगा इतिहासाची वही घरी ठेवून जातो, आणि त्यात लबाडी नसते. तेव्हा बॅग भरणं घड्याळाला बांधू नका, रोज घडणाऱ्या एखाद्या कृतीला बांधा. आमचं वाक्य ठरलं: "जेवून ताट सिंकमध्ये ठेवलं, की बॅग."

अशा "जर हे झालं, तर ते करायचं" वाक्यांवर न्यूयॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी बरंच काम केलं आहे. १९९९ मधल्या त्यांच्या प्रसिद्ध लेखाचा मुद्दा असा, की "मी नीट वागेन" अशा मोघम संकल्पापेक्षा कधी, कुठे आणि काय करणार हे आधी ठरवलेलं वाक्य फार जास्त वेळा प्रत्यक्षात येतं. वाक्य मुलाने स्वतः बनवावं. आपण बनवून दिलं तर ती आणखी एक सूचना होते, आणि आपल्या सूचनांकडे कान कसा बंद करायचा हे त्या वयाला उत्तम जमतं.

यादी आठवड्याच्या वारांप्रमाणे करून दाराला आतून चिकटवा. हस्ताक्षर मुलाचं हवं. मोबाइलचा अलार्म चालतो, पण तो मुलाने लावायचा. आपल्या फोनवर आपण लावला तर आठवण ठेवण्याची नोकरी परत आपल्याकडे आली.

आता परांची सोडवणं. पहिले दोन आठवडे मी शेजारी उभी राहायचे आणि तो यादी वाचून बॅग भरायचा. हात लावायची मला मनाई. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातून फक्त "ताट?" एवढंच विचारायचे. पाचव्या आठवड्यापासून गप्प. गप्प बसणं हे या सगळ्या लेखातलं सर्वात कठीण काम आहे. रात्री अकराला हूक रिकामा दिसतो, उद्या बुधवार आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि तरी झोपायला जायचं. पहिल्यांदा मी तीनदा उठले. नवऱ्याने शेवटी हॉलचा दिवा बंद केला.

या विसराळूपणाच्या मुळाशी पुष्कळदा एकच गोष्ट असते आणि तिच्यावर यादीचा उपाय चालत नाही: झोप. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी रात्री ८ ते १० तास झोपेची शिफारस केली. आपल्याकडे सकाळी सातची शाळा, दुपारी जेमतेम जेवण, संध्याकाळी क्लास, नऊला घरी, जेवण, गृहपाठ, मग रील्स. हिशेब कसाही मांडा, सहा तासांच्या वर जात नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. मोठ्या मुलांच्या नशिबात मात्र पहाटेचा अलार्म तसाच राहिला. अर्धवट झोपेतल्या मुलाला लक्षात ठेवायला शिकवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. आम्ही एक क्लास सोडला. त्याचा जितका उपयोग झाला, तितका कुठल्याच अलार्मचा झाला नाही.

फोन आलाच तर

येणारच, हक्काचा फोन सोडूनही. पहिल्याच आठवड्यात येईल, कारण नियम खरा आहे का हे मुलाला तपासून बघायचं असतं. आमच्याकडे गुरुवारी आला.

"आई, भूगोलाची वही राहिली."

"अरेरे. मग आता काय करतोस?"

"तू घरी आहेस ना आज?"

"आहे. पण वही पहिल्या कप्प्यातली ना?"

"आई, प्लीज! सर उभं करतात."

"हं. वाईट वाटेल खरं. तास सुरू व्हायच्या आधी सरांना स्वतःच सांगून बघ. संध्याकाळी भेटू."

फोन ठेवला आणि मी दहा मिनिटं वही हातात धरून बसले होते. शाळा रिक्षाने सात मिनिटांवर. एवढ्याशा अंतराने जितकं छळलं तितकं ऐरोलीने कधी छळलं नव्हतं.

या संभाषणात दोनच गोष्टी सांभाळायच्या. सहानुभूती खरी हवी, टोमणा नको. आणि उपाय आपण सुचवण्याआधी त्याला विचारायचं. मुलं फोनवर कल्पक होतात. एकदा याने शेजारच्या वर्गातल्या मित्राची वही मागून आणली, एकदा कोऱ्या कागदावर नकाशा काढून संध्याकाळी वहीत चिकटवला. दोन्ही वेळा मी पोचले असते तर हे सुचायची गरजच पडली नसती.

संध्याकाळी घरी आल्यावर "बघ, मी म्हटलं होतं की नाही!" हे वाक्य गिळा. शाळेत जे व्हायचं ते झालेलं असतं. आपण तेच पुन्हा उगाळलं की मुलाच्या मनात वही बाजूला राहते आणि आई खलनायिका होते. चहा द्या. त्याने स्वतः सांगितलं तर ऐका. उद्यासाठी यादीत काही बदलायचं आहे का, एवढाच प्रश्न विचारा.

तिसऱ्या कप्प्यातली वस्तू असेल आणि तुम्ही धावलात, तर पूर्ण मनाने धावा. रिक्षात बसल्याबसल्या फोनवर झापणं, शाळेच्या गेटवर मित्रांसमोर बोलणं, पुढे चार महिने तो प्रसंग पाहुण्यांना सांगणं, यातलं काहीही केलं तर मूल एकच धडा घेतं: पुढच्या वेळी आईला कळू द्यायचं नाही. दम्याचा पंप घरी राहिलाय हे लपवणारं मूल कोणालाच परवडत नाही.

एक सावधगिरीची सूचना, कारण आमच्या सोसायटीत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वही आणायला सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात ॲक्टिव्हाची किल्ली देऊ नका, "दोन मिनिटांत जाऊन ये" म्हणून. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. तीन हात नाक्यावरच्या रहदारीबद्दल तर बोलायलाच नको.

आजी, बाबा आणि आयांचा ग्रुप

घरात एक जण कडक आणि दुसरा मऊ असेल तर मूल दुसऱ्याला फोन करतं, यात त्याची हुशारी आहे. आमच्याकडे तो दुसरा माणूस म्हणजे सासूबाई. त्यांना मी सरळ "तुम्ही देऊ नका" म्हटलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं: "अगं, मला दुपारी दुसरं काम काय? तेवढंच तलावपाळीपर्यंत पाय मोकळे होतात." म्हणजे त्यांच्यासाठी ती फेरी नातवाच्या उपयोगी पडण्याची होती. शेवटी तोडगा निघाला. आजींनी वस्तू पोचवायची नाही, पण रात्री यादी वाचून दाखवायचं काम त्यांचं. पाचव्या आठवड्यानंतर मी गप्प झाले, त्या मात्र झाल्या नाहीत. सगळीच परांची उतरवायचा हट्ट मी सोडून दिला.

दुसरी फळी व्हॉट्सॲपवर असते. रात्री साडेदहाला "उद्या मराठीचं काय आहे गं? कोणीतरी फोटो टाका ना" असा मेसेज येतो आणि सहा आया सहा फोटो टाकतात. वस्तू पोचवण्याइतकाच हाही बचाव आहे, किंबहुना जास्त नेमाने चालणारा. यात मुलाने वर्गात फळ्याकडे बघायचीसुद्धा गरज उरत नाही. मी ग्रुप सोडला नाही, सुट्टीच्या सूचना त्यावर येतात. पण गृहपाठ विचारणं बंद केलं. त्याला हवं असेल तर त्याने मित्राला फोन करावा, नऊच्या आत, आणि मित्राच्या आईने फोन उचलला तर "काकू, मी बोलतोय" म्हणून नीट बोलावं. हे शेवटचं त्याला वही विसरण्यापेक्षा भयंकर वाटतं. त्यामुळे आता वर्गातच लिहून घेतो.

हे विसरणं आहे की दुसरंच काही

वरचं सगळं दोन-तीन महिने मन लावून केलं आणि ढिम्म फरक पडला नाही, तर थांबा. शिस्त आणखी आवळू नका.

एक शक्यता अशी की मूल विसरत नाही, टाळतं. एकच वस्तू, एकाच विषयाची, पुन्हा पुन्हा राहत असेल तर तिच्याकडे बघा. गणिताची वही दर वेळी राहते, कारण त्या तासाला फळ्यावर बोलावतात. पीटीचे कपडे राहतात, कारण कपडे बदलताना मुलं शरीरावरून चिडवतात. डबा राहतो, कारण वजनाची धास्ती आहे किंवा कोणीतरी तो रोज हिसकावतं. अशा मुलाला परिणाम भोगायला सोडणं म्हणजे त्याला एकटं सोडणं. इथे पंधरा दिवसांची नोंद पुन्हा काढून बघा, वार आणि विषय आपोआप बोलतात.

दुसरी शक्यता अवधान-कमतरतेची, म्हणजे एडीएचडी. वस्तू हरवणं आणि रोजच्या गोष्टी विसरणं ही त्याच्या अधिकृत लक्षणांच्या यादीतली दोन लक्षणं आहेत, पण तेवढ्यावरून निदान होत नाही. सतरा वर्षांखालच्या मुलात लक्ष न टिकण्याची कमीत कमी सहा लक्षणं, किमान सहा महिने, आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. शिवाय त्यातली काही बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. त्यामुळे नववीत अचानक सुरू झालेला विसरभोळेपणा बहुधा वेगळा असतो: झोप, ताण, उदासी, कधी कधी प्रेमप्रकरण. पण पहिलीपासून दर वर्षी प्रगतिपुस्तकात "हुशार आहे, पण लक्ष नाही" असा शेरा असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. अशा मुलाचे बांबू जास्त वर्षं ठेवावे लागतात, त्यात लाड नाहीत. ठाणेकरांना या बाबतीत दूर जावं लागत नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था ठाण्यातलीच. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

दहावीच्या वर्षात काय सैल करायचं

चिरंजीव आता दहावीत आहेत, आणि "यंदा तरी पोचव" असा घरच्यांचा दबाव माझ्यावर आहे. मी थोडंच सैल केलं आहे. रोजच्या वह्या, क्लासच्या नोट्स जशाच्या तशा पहिल्या कप्प्यात. विज्ञानाचं जर्नल मात्र वर सरकवलं, कारण बोर्डाच्या निकालात विज्ञानाचे १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाकडून येतात आणि ती संधी दर आठवड्याला मिळत नाही.

परीक्षेच्या दिवसांसाठी व्यवस्था वेगळी. सकाळच्या सत्रात पेपर ११ ला सुरू होतो, विद्यार्थ्याने साडेदहापर्यंत हजर राहायचं असतं. आम्ही घरातून साडेनऊला निघायचं ठरवलं आहे. हॉल तिकीट, आयकार्ड, पेनं आणि कंपास एका पारदर्शक पाऊचमध्ये, पाऊच त्याच कपाटावर. निघण्याआधी तो पाऊच मला उघडून दाखवणार, तोंडी "घेतलं" चालणार नाही. हॉल तिकिटाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये, एक झेरॉक्स आजींच्या पर्समध्ये. आणि मूळ हॉल तिकीट खरंच हरवलं, तरी घाबरायचं नाही. शाळा पुन्हा प्रिंट काढून त्यावर लाल शाईने "द्वितीय प्रत" असा शेरा मारून देते. हे त्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे, कारण ऐन वेळी हात-पाय गळालेलं मूल शाळेत फोन करण्याऐवजी बाथरूममध्ये रडत बसतं.

छत्रीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. या पावसाळ्यातली तिसरी छत्री परवा रिक्षात राहिली. पहिली आम्ही घेऊन दिली होती, दुसरी अर्धी-अर्धी, तिसरी त्याने गोखले रोडच्या फुटपाथवरून स्वतःच्या पैशांनी दीडशेला घेतली होती. चौथी घ्यायला तो तयार नाही. प्लॅस्टिकची पिशवी डोक्यावर बांधून जातो आणि म्हणतो, ही विसरली तरी फुकट मिळते.